नऊ लाखांतले तुमचे किती, कंपनीचे किती?

प्रश्न : नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत २१ वर्षं प्रेस शॉपला आहे, परमनंट. वय ४६, राहायला पवननगरला. आम्ही स्विचमध्ये बसणारे पितळेचे छोटे पार्ट मारायचो. दोन वर्षांपासून तोच पार्ट चीनहून तयार येतो आणि आमच्याकडे नुसतं तपासून पॅकिंग होतं. आता प्रेस शॉप बंद करणार म्हणून आम्हा ३४ जणांना व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा, फॉर्म दिलाय. एकरकमी नऊ लाख देणार आहेत. पगार २०,४०० (बेसिक आणि डीए मिळून १५,६००), ईएसआय (कामगार विमा) कापतात. घरखर्च १५,००० आणि घराचा हप्ता ६,५००. बायको शिवणकाम करते, चारेक हजार येतात. तिला शुगर आहे, गोळ्या ईएसआयच्या दवाखान्यातून मिळतात. मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, मुलगी नववीत. बँकेतल्या मॅडम म्हणतात, वर्षाला दीड लाख असे सहा वर्षं भरा, पंधरा वर्षांनी हमखास पंधरा लाख. मेहुणा म्हणतो कुंभमेळा आलाय, दोघांत ट्रॅव्हलर घेऊ. मॅडमचा प्लॅन घेऊ की एफडी करू? दुसरं म्हणजे, अमेरिकेत बाहेरच्या मालामुळे नोकरी गेली तर सरकार कामगाराला पैसे देतं, असं व्हिडिओत पाहिलं. आपल्याकडे तशी योजना येणार असेल तर सही करायला थांबू का? फॉर्मचा आणि हिशोबाच्या कागदाचा फोटो पाठवलाय. सोमवारपर्यंत सही मागितली आहे.

उत्तर : मॅडमचा प्लॅन घेऊ नका, एफडीचं नंतर बघू, आणि सोमवारी सही करू नका. मुदत जवळ होती म्हणून एवढं तुम्हाला फोनवर सांगून झालंच आहे. सविस्तर लिहितोय ते तुमच्यासाठी, आणि तोच फॉर्म हातात घेऊन बसलेल्या बाकीच्या ३३ जणांसाठीही.

तुम्ही विचारलंत पैसे कुठे ठेवू. मी फोटो मोठा करून आधी फॉर्म वाचला. वर ठळक अक्षरांत व्हीआरएस लिहिलंय. खालचा मजकूर इंग्रजीत आहे आणि त्याचा अर्थ असा : मी माझ्या घरगुती कारणांमुळे, कोणाच्याही दबावाखाली न येता, स्वखुशीने राजीनामा देत आहे. माझा सगळा हिशोब मिळाला असून कंपनीकडे माझं काहीही येणं राहिलेलं नाही. यापुढे कोणताही दावा करणार नाही. त्याखाली रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवायची चौकट. तारखेची जागा कोरी.

म्हणजे पैसे मिळायच्या आधीच सगळे मिळाले म्हणून तुम्ही लिहून देणार, आणि ते कोणत्या तारखेला लिहून दिलं हे कंपनी ठरवणार. शिवाय घरगुती कारण कोणतं हो? चीनचा पार्ट काही तुमच्या स्वयंपाकघरात उतरला नाही. मशीन कंपनीने थांबवलं, माणसं कंपनीने कमी केली, आणि कागदावर मात्र नोकरी तुम्ही सोडली. हा एका ओळीचा फरक तुम्हाला दीड लाखाच्या आसपास पडणार आहे, बायकोच्या गोळ्या वेगळ्या.

आता दुसरा फोटो, हिशोबाचा. नऊ लाख हा आकडा ऐकायला भरदार वाटतो, म्हणूनच तो एकत्र सांगितलाय. फोडून बघा. पीएफ ४ लाख ६० हजार. ग्रॅच्युइटी १ लाख ८९ हजार. शिल्लक रजेचे २१ हजार. आणि ‘विशेष रक्कम’ २ लाख ३० हजार. यातला पीएफ कंपनी देतच नाहीये, तो तुमच्या नावावर ईपीएफओकडे पडलेला आहे. ग्रॅच्युइटी कायद्याने देणं आहे, पंधरा दिवसांचा पगार गुणिले २१ वर्षं, म्हणजे ९,००० गुणिले २१. तुम्ही राजीनामा द्या, कंपनी तुम्हाला कमी करो, काहीही झालं तरी ती मिळतेच. रजेचे पैसेही तुमचेच. सहीच्या बदल्यात कंपनी खिशातून काढतेय ते फक्त २ लाख ३० हजार. नऊ लाखांचा पेढा त्यांनी तुमच्याच खव्याचा वळलाय.

मग सही केली नाही तर काय? कंपनीला माणसं कमी करायचा हक्क आहे, त्यावर मी वाद घालत नाही. तुमच्यासारख्या छोट्या कंपनीला त्यासाठी सरकारची आगाऊ परवानगीही लागत नाही. ती अट मोठ्या कारखान्यांना, आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेत ती मर्यादा ३०० कामगारांवर गेली आहे. पण कामगार कमी करायची एक रीत कायद्याने घालून दिली आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ती होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेतही आहे. कारण लिहून एक महिन्याची नोटीस द्यायची किंवा महिन्याचा पगार द्यायचा, सरकारला कळवायचं, आणि पूर्ण केलेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यायची. ही ग्रॅच्युइटीहून वेगळी, तिच्यावर आणखी.

तुमचा हिशोब हात आखडून करू. फक्त बेसिक-डीए धरला तर निम्मा पगार ७,८००, गुणिले २१, म्हणजे १ लाख ६४ हजार. नोटिशीचा पगार २० हजार. नव्या संहितेत कमी केलेल्या कामगारांसाठी पुनर्कौशल्य निधी आहे. त्यात मालकाने दर कामगारामागे पंधरा दिवसांचा शेवटचा पगार भरायचा आणि ती रक्कम ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात यायची. हा दर वर्षामागे नाही, एकदाच. ७,८०० रुपयांत काय कौशल्य शिकणार हा प्रश्न बरोबर आहे, पण सोडायचे कशाला? झाले १ लाख ९२ हजार. इथवर कंपनीचे २ लाख ३० हजार जास्तच दिसतात, आणि एचआरवाले तुम्हाला इथपर्यंतचाच हिशोब दाखवतील.

पुढचा हिशोब ईएसआयचा आहे, आणि तो कोणी दाखवत नाही. तुमच्या पगारातून दर महिन्याला पाऊण टक्का जातो, कंपनी सव्वातीन टक्के भरते. लोकांना वाटतं हे फक्त दवाखान्याचे पैसे. त्यातच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे, १ एप्रिल २००५ पासून. कारखाना बंद पडला किंवा कामगाराला कपातीत काढलं, आणि त्याआधी किमान दोन वर्षं वर्गणी भरलेली असली, तर बेकारी भत्ता मिळतो. पहिले बारा महिने पगाराच्या ५० टक्के, पुढचे बारा महिने २५ टक्के. शिवाय भत्ता चालू असेपर्यंत तुम्हाला आणि कुटुंबाला ईएसआयचे उपचार चालू.

तुमच्या पगारावर पहिल्या वर्षी महिना १०,२००, म्हणजे वर्षाचे १ लाख २२ हजार. दुसऱ्या वर्षी महिना ५,१००, म्हणजे ६१ हजार. दोन्ही मिळून १ लाख ८३ हजार.

अट एकच, नोकरी तुमच्या इच्छेविरुद्ध गेलेली पाहिजे. स्वेच्छानिवृत्ती घेतली, राजीनामा दिला, की दार बंद. व्हिडिओतली अमेरिकन योजना इथे कधी येणार असं विचारताय, आणि जी इथे वीस वर्षांपासून आहे, जिच्यासाठी तुम्ही दर महिन्याला वर्गणी भरताय, तिच्यावर सोमवारी सही करून पाणी सोडणार होतात.

दोन्ही बाजू शेजारी ठेवा. सही केली तर कंपनीचे २ लाख ३० हजार. नाही केली आणि रीतसर कपात झाली तर १ लाख ९२ हजार अधिक १ लाख ८३ हजार, म्हणजे पावणेचार लाख. फरक १ लाख ४५ हजार. कर दोन्हीकडे लागणार नाही, या रकमा सवलतीच्या मर्यादेच्या खूप खाली आहेत.

घराच्या भाषेत सांगतो. तुमचा खर्च साडेएकवीस हजार, शिवणकामाचे चार हजार वजा जाता महिन्याला साडेसतरा हजारांची तूट. नोकरी लागलीच नाही असं वाईटात वाईट धरा. राजीनाम्याच्या वाटेने दोन वर्षांत ४ लाख २० हजार लागतात. पीएफला हात न लावता तुमच्याकडे असतील ४ लाख ४० हजार. दोन वर्षांनी हातात वीस हजार. कपातीच्या वाटेने पहिल्या वर्षी महिन्याची तूट सव्वासात हजारांवर येते, दुसऱ्या वर्षी साडेबारा हजारांच्या आत. दोन वर्षांत २ लाख ३७ हजार लागतात आणि हातात आहेत ४ लाख २ हजार. दोन वर्षांनी दीड लाखाच्या वर शिल्लक. यात ईएसआय गेल्यावर मेडिकलमधून आणायच्या शुगरच्या गोळ्या धरलेल्याच नाहीत.

उलट बाजूही बघायला हवी, नाहीतर मीही एचआरसारखाच अर्धा हिशोब दाखवला असं होईल. हा भत्ता दुसरी नोकरी लागली की थांबतो. समजा तिसऱ्या महिन्याअखेर सातपूरला किंवा सिन्नरला कुठे लागलात, तर भत्त्याचे मिळाले तीस हजार. मग कपातीचे एकूण सव्वादोन लाख आणि राजीनाम्याचे २ लाख ३० हजार. जवळजवळ सारखेच. म्हणजे नोकरी लवकर लागली तर पाच-आठ हजार इकडे-तिकडे, आणि नाही लागली तर दीड लाखाचा आधार. सेहेचाळिसाव्या वर्षी, एकाच प्रेसवर २१ वर्षं काढलेल्या ऑपरेटरला वीस हजारांवर परमनंट घेणारी कंपनी अंबडमध्ये सध्या किती आहेत, हे माझ्यापेक्षा तुमच्या कँटीनमध्ये जास्त चांगलं माहीत असेल. कंत्राटावर बारा-चौदा हजार मिळतील. मी कपातीचीच वाट धरेन.

फॉर्मवर सही करूच नये असंही नाही. कंपनीला कटकट नको असते, कोर्ट नको असतं, आणि त्याची किंमत असते. विशेष रक्कम चार लाखांच्या पुढे नेली तर राजीनामा द्यायला माझी हरकत नाही. दोन लाख तीस हजारांत मात्र तुम्ही स्वस्तात जाताय.

एचआर काय म्हणेल तेही सांगतो, कारण ठरलेलीच वाक्यं असतात. सही नाही केली तर ग्रॅच्युइटी अडकेल. नाही अडकत. नोकरी संपल्यापासून तीस दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर त्यावर साधं व्याज, दहा टक्के. पीएफ आम्हीच काढून देणार आहोत. तुमचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, आधार आणि बँक खात्याशी जोडलेला असेल तर पीएफसाठी कंपनीच्या दारात जायची गरजच नाही. बाकीच्यांनी सह्या केल्या, तुम्ही एकटेच राहिलात. हे प्रत्येकाला वेगळं बोलावून सांगतात. ३४ जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप असेलच, सकाळच्या सुविचारांऐवजी त्यावर किती जणांनी खरंच सही केली ते विचारा. कोर्टात जाल तर दहा वर्षं लागतील, हे मात्र ते खरं सांगतात. लेबर कोर्ट हा सावकाश चालणारा रस्ता आहे, म्हणून भांडण तिथे जायच्या आधी मिटवलेलं बरं. नाशिकच्या उपकामगार आयुक्त कार्यालयात सगळ्यांनी मिळून एक अर्ज दिलात तरी कंपनीचा सूर बदलतो, कारण तिथे तारीख लागली की घरगुती कारणांमुळे ३४ जणांनी एकाच आठवड्यात राजीनामे का दिले हे समजावून सांगायची वेळ कंपनीवर येते.

एक बारीक गोष्ट, जिच्यावर पुढे घोडं अडतं. ईएसआयच्या मासिक पत्रकात कामगाराचं नाव काढताना मालकाला कारण निवडावं लागतं. ‘नोकरी सोडली’ हा पर्याय वेगळा आणि ‘कपात’ हा वेगळा. कपातीचं पत्र हातात दिलं आणि कॉम्प्युटरवर क्लार्कने सवयीने ‘नोकरी सोडली’ टाकलं, तर भत्त्याचा अर्ज शाखा कार्यालयात तिथेच लटकतो. पीएफमध्येही नोकरी संपल्याचं कारण असंच भरतात. दोन्हीकडे काय भरलं ते शेवटच्या दिवसाआधी बघून घ्या, प्रिंट मागून घ्या. नंतर दुरुस्तीसाठी त्याच कंपनीच्या गेटवर वॉचमनला विनवण्या कराव्या लागतात.

आणि हो, ईएसआयची दुसरी एक योजना आहे, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, २०१८ पासूनची. तिच्यात ९० दिवसांपर्यंत निम्मा पगार, आयुष्यात एकदा. नावं सारखी वाटतात, अर्ज भरून देणारे भलतीच भरतात. एकाच काळासाठी दोन्ही मिळत नाहीत. तुम्हाला २४ महिन्यांची हवी आहे, ९० दिवसांची नव्हे.

आता अमेरिका. व्हिडिओ खोटा नाही, जुना आहे. १९६२ साली केनेडींच्या काळात आयात खुली करणारा कायदा झाला, तेव्हा कामगारांना गप्प करण्यासाठी ही मदत त्यात घातली. अटी इतक्या कडक की १९६९ पर्यंत एकाही कामगाराला ती मंजूर झाली नाही. १९७४ मध्ये अटी सैल केल्या, मग खरी चालू झाली. तीन कामगार मिळून अर्ज करू शकत. आयातीमुळेच काम गेलं असं सरकारने मान्य केलं की नवं काम शिकण्याचा खर्च, बेकारी विमा संपल्यावर आठवड्याचा भत्ता, दुसऱ्या गावी नोकरीसाठी जायचा खर्च असं मिळायचं. पन्नाशीच्या पुढच्यांना एक चांगली सोय होती. नवी नोकरी कमी पगाराची लागली तर फरकाची निम्मी रक्कम सरकार द्यायचं, दोन वर्षांत दहा हजार डॉलरपर्यंत. ही कल्पना मला खरोखर आवडते. माणूस घरी बसून भत्ता खाण्यापेक्षा कमी पगारावर का होईना कामाला लागतो.

पण १ जुलै २०२२ ला तिची मुदत संपली आणि अमेरिकेच्या संसदेने ती वाढवली नाही. तेव्हापासून तिथल्या कामगार खात्याला नवे अर्ज मंजूर करता येत नाहीत. म्हणजे तुम्ही ज्या योजनेची वाट बघताय ती तिथल्या नव्या बेकारालाही मिळत नाही. आणि ती चालू होती तेव्हाही आपणहून नोकरी सोडणाऱ्याला नव्हती. काम नसल्यामुळे काढलेला माणूस लागायचा. राजीनाम्याचा कागद घेऊन तुम्ही डेट्रॉइटला गेला असतात तरी हात हलवतच परत आला असतात.

आपल्याकडे आयातीचा मार बसला की सरकार जे करतं ते मालाच्या बाजूने, कामगाराच्या नाही. इथल्या उत्पादकांनी दिल्लीत व्यापार उपाय महासंचालनालयाकडे अर्ज करायचा, चौकशी होते, मग त्या मालावर अँटी-डम्पिंग ड्युटी, म्हणजे फार स्वस्तात येणाऱ्या आयात मालावरचा जादा कर, लागते, साधारण पाच वर्षांसाठी. ती लागली तर कारखाना वाचतो आणि कारखान्यामागे कामगार. तुमच्या बाबतीत तेवढीही आशा नाही, कारण तो पार्ट आणतोय तुमचाच मालक. ड्युटी लागली तर त्याचंच नुकसान. तो कशाला अर्ज करेल? तेव्हा या बाजूने काही येईल म्हणून एक दिवसही थांबू नका. थांबायचं ते फॉर्मच्या मजकुरासाठी.

आता तुमचा मूळ प्रश्न, म्हणजे मॅडम. वर्षाला दीड लाख, सहा वर्षं, म्हणजे नऊ लाख. पंधरा वर्षांनी पंधरा लाख. ‘नऊचे पंधरा’ हे ऐकायला बरं वाटतं. हिशोब केला तर परतावा वर्षाला चार टक्क्यांच्या थोडा वर. पंधरा वर्षं पैसे अडकवून चार टक्के! सरकारी बँकेची साधी एफडी याहून जास्त देते. आणि हे नऊ लाख कुठून येणार? ज्या पीएफवर २०२४-२५ साठी सव्वाआठ टक्के व्याज मिळालं तो मोडून. सव्वाआठमधून काढून चारमध्ये घालायचं, या कामाचं कमिशन मॅडमना मिळणार. शिवाय ज्या घरात पुढच्या वर्षी पगार येईल की नाही माहीत नाही, त्याला सहा वर्षं हप्ता भरायची बांधिलकी विकायला मन कसं होतं, मला कळत नाही. तिसऱ्या हप्त्याला अडकलात तर भरलेल्यातले बरेच गेले. ‘हमखास’ हा शब्द त्या कागदावर सगळे हप्ते वेळेवर भरणाऱ्यासाठी आहे. तुम्ही प्रपोजल फॉर्मवर सही केली असेल आणि चेक दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल आणि पॉलिसी हातात आली असेल तर मिळाल्यापासून तीस दिवसांत परत करता येते, कारण लेखी द्या आणि पोच घ्या.

पीएफ तसाच ठेवा. नोकरी सुटली म्हणून तो काढायलाच पाहिजे असं कुठेही नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत व्याज चालू राहतं. आठ टक्के धरले तरी बारा वर्षांत ४ लाख ६० हजारांचे साडेअकरा लाख होतात, काहीही न करता, कोणालाही न भेटता. नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर आहे, पण तुमच्या उत्पन्नाला तो भरावा लागणार नाही. नवी नोकरी लागली की खातं तिकडे जोडून घ्या. पेन्शनच्या भागाला हात लावू नका. दहा वर्षांच्या वर नोकरी झालेल्याला तो काढताही येत नाही, त्याची पेन्शनच होते, आणि ‘काढून देतो’ म्हणणारे दलाल फक्त फी काढून घेतात.

ग्रॅच्युइटी, भरपाई, रजा, नोटीस मिळून जे चारेक लाख येतील त्यातले साठ-सत्तर हजार सेव्हिंगला ठेवा. उरलेल्याच्या पन्नास-पन्नास हजारांच्या सहा-सात एफडी करा, दर तीन-चार महिन्यांनी एक पिकेल अशा. हे पैसे वाढवायचे नाहीत, टिकवायचे आहेत. घराचा हप्ता फेडून टाकायचा मोह होईल. आत्ता नको. बँक हप्त्याला थांबत नाही हे खरं, पण एकदा कर्जात भरलेले पैसे मुलाच्या फीसाठी ती परतही देत नाही.

कुंभमेळा. तुमच्या मेहुण्यासारखे निम्मे नाशिक सध्या गणित मांडून बसलंय. मागचा २०१५ ला झाला, आताच्या मुख्य पर्वण्या २०२७ ला, आणि त्यापुढचा आणखी बारा वर्षांनी. ट्रॅव्हलरसाठी १८ लाखांचं कर्ज सात वर्षांचं घेतलं तर हप्ता महिना तीस हजारांच्या घरात. भाविक काही महिने येतील, हप्ता ८४ महिने येईल. पर्वणीच्या दिवशी शहरात खासगी गाड्या कुठवर सोडतात हे २०१५ ला तुम्ही पाहिलंच असेल. मेहुण्याला गाडी चालवायचीच असेल तर त्या काळापुरती कोणाची तरी भाड्याने घेऊन चालवू द्या. तुमच्या भरपाईतला एक रुपया त्यात नको, जामीनही राहू नका.

दवाखान्याचं मात्र आत्ताच बघा. भत्ता चालू असेपर्यंत सातपूरचं कामगार विमा रुग्णालय आणि गोळ्या चालू राहतील. ते संपल्यावर काय? रेशनकार्डवर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार होतात, कार्ड काढून ठेवा. पण ते यादीतल्या उपचारांना आणि यादीतल्या रुग्णालयांत, रोजच्या गोळ्यांना नाही. खासगी मेडिक्लेम घ्यायचा असेल तर भत्ता मिळत असतानाच घ्या, संपल्यावर नको. आधीपासूनच्या आजाराला, म्हणजे शुगरला, जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. त्यातली निदान दोन वर्षं ईएसआय चालू असताना मोजून होऊ द्यात. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये गेलाय, तेवढाच दिलासा. फॉर्ममध्ये शुगर लपवू नका, एजंट म्हणाला तरी. प्रीमियम घरात बसला नाही तर निदान बायकोचा एकटीचा घ्या.

नव्या कामाचं मी काय सांगणार? तरी त्र्यंबक रोडच्या सरकारी आयटीआयमध्ये एकदा जाऊन या, मोठ्यांसाठीचे छोटे कोर्स काय आहेत ते विचारा. प्रेसवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला डाय सेटिंग आणि टूल दुरुस्ती हातात असते, ती कागदावर आणायला काय लागतं तेवढं बघायचं. भत्त्याचे पहिले बारा महिने त्यासाठीच आहेत असं धरा.

सोमवारी आत जाताना एकटे जाऊ नका, दोघं-तिघं जा. फॉर्म परत देऊ नका, ‘वाचायला घेतो’ म्हणा आणि त्याची प्रत ठेवा. अर्ज मराठीत लिहून न्या : प्रेस शॉप बंद होत असल्यामुळे मला कमी करण्यात येत आहे असं समजलं आहे, तरी कायद्याप्रमाणे नोटीस, भरपाई आणि ग्रॅच्युइटी मिळावी, आणि कमी करण्याचं कारण लेखी मिळावं. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. शेवटच्या बारा पगाराच्या स्लिपा, ईएसआयचं कार्ड, पीएफ पासबुकची प्रिंट आणि नेमणुकीचं पत्र एका फाईलला लावा. ३४ पैकी ज्यांनी याआधीच सही करून दिली असेल त्यांनी तारीख घातली होती की कोरी सोडली होती, ते आजच विचारून घ्या. कोरी असेल तर सही मागे घेतल्याचं लेखी पत्र कंपनीने राजीनामा मंजूर करायच्या आत गेलं पाहिजे. मंगळवारपर्यंत थांबू नका.